किरणांतून निघालेले उडीद आणि तूर

पेरणी जवळ आली की एक प्रश्न आम्हांला हमखास ऐकावा लागतो : “फादर, हे अणुवाल्यांचे बी. त्याची डाळ लेकरांना घातली तर काही होणार नाही ना?” रिफायनरीच्या शेजारी राहणाऱ्या कोयलीच्या माणसाला अशी शंका यावी, यात नवल नाही.

कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण बियांतून आरपार जातात, त्यांत साठत नाहीत. छातीचा एक्स-रे काढला म्हणून माणूस किरण फेकू लागत नाही, तसेच हे. शिवाय किरण दिलेले बी कोणी शेतकऱ्याला विकत नाही.

किरणांनी बियातील आनुवंशिक गुण बदलतात. पण हा बदल आंधळा असतो. पुष्कळ रोपे खुरटतात, काही वांझ निघतात. पहिल्या पिढीत दबून राहिलेले गुण दुसऱ्या पिढीत उघडे पडतात. तेव्हा हजारो झाडे एकेक पाहावी, तर कुठे एखादे कामाचे सापडते. आमच्या मते खरी करामत किरणांची नाही, त्या पाहणाऱ्यांची आहे!

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर असेच एक उडीद काढले. उत्परिवर्तनाने मिळालेल्या ‘यूएम-१९६’ चा जुन्या ‘टी-९’ वाणाशी संकर केला, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, आणि १९८५ साली टपोऱ्या दाण्याचा ‘टीएयू-१’ महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. टी ट्रॉम्बेचा, ए अकोल्याचा, यू उडदाचा.

आपल्याकडे तुरीची विचारपूस अधिक. ट्रॉम्बेने १९८३ साली ‘टीटी-६’ ही मोठ्या दाण्याची तूर दिली होती. पुढे जबलपूरच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने तिच्या संकरातून ‘टीजेटी-५०१’ निघाली. २००९ साली प्रसारित झालेल्या या वाणाच्या प्रदेशात गुजरातही येतो.

आता घरचे बी ठेवण्याविषयी. उडदाच्या फुलात परागसिंचन फूल उमलण्याआधीच होते. म्हणून भेसळीची झाडे उपटून टाकली, तर घरचे बी काही वर्षे चालते. तुरीचे तसे नाही. मधमाश्या शेजारच्या तुरीचे पराग आणतात आणि वाण हळूहळू बिघडतो; मग लोक बियाण्याला बोल लावतात. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणाची तूर किमान १०० मीटर दूर लागते. आपल्या तुकड्यांच्या शेतीत एवढे अंतर कोठून आणावे? बांधाला बांध लागून पेरणाऱ्या दोन-चार घरांनी एकच वाण घ्यावा, आणि तुरीचे बी दर दोन-तीन वर्षांनी नवे आणावे. घेताना पिशवीवर प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी आहे ना, हे पाहावे, व ती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी.