पुडी आणायला लेकराला पाठवू नका

पालकसभेत व्यसनाचा विषय काढला की एक उत्तर हमखास येतं, "सर, ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या शाळांत. आपल्या माकणीत कुठलं ड्रग्ज?" पण 2025 च्या फेब्रुवारीत पोलिसांनी एमडी ही नशेची पावडर पकडली, ती आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीला.

आपल्याकडे सुरुवात मात्र पावडरीनं होत नाही, पुडीनं होते. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. 18 वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं मनाई आहे. तरी चौथीतलं लेकरू दुकानातून पुडी आणतं, कारण घरातल्या मोठ्यांनीच त्याला पाठवलेलं असतं. त्याची भीड तिथंच मोडते.

पालकांनो, एवढं करा. पुडी आणायला मुलाला पाठवू नका. अचानक पैसे जास्त लागू लागले, मित्र बदलले, झोप-भूक बिघडली, तर जवळ बसवून विचारा. मारलं की मूल लपवायला शिकतं. व्यसन लागलंच असेल तर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा.

आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात हा पाठ घेण्याआधी आपला स्वतःचा खिसा तपासू या. मुलं आपल्या बोलण्यापेक्षा आपल्याकडं जास्त बघतात.