फोन घरी ठेवा, पण तयारीनं ठेवा

पोरांनो, नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे तुमच्यातले कितीतरी जण हातात फोन धरून पळताना दिसतात. त्या बाजूचा खांदा आवळतो, हात मोकळा हलत नाही. पॉडकास्ट ऐकायचंच आहे ना? मग ते मनगटावरच्या घड्याळातून ऐका. त्यासाठी या गोष्टी ध्यानात ठेवा.

घड्याळ घेताना एकच प्रश्न विचारा. फोन घरी असताना हे वाजेल का? बरीच स्वस्त घड्याळं फोनवर चाललेला आवाज नुसता चालू-बंद करतात. साठवायला जागा असलेलं आणि ब्लूटूथ इअरफोन थेट जोडता येणारं घड्याळच घ्या. गार्मिनवर स्पॉटिफायमधून भाग उतरवायचे तर प्रीमियम वर्गणी लागते. ॲपल वॉचवर पॉडकास्टचं ॲप आहे, पण ते घड्याळ सुरू करायला आयफोन लागतो.

शिदोरी रात्रीच बांधा. घड्याळ चार्जिंगला लावा, वायफायवर भाग उतरवून घ्या. पहाटे निघताना हे जमत नाही. फाइल स्वतः भरणार असाल तर बोलण्यासाठी ६४ केबीपीएस पुरे, तासाभराचा भाग २९ एमबीत बसतो. झोपण्यापूर्वी फोनचं ब्लूटूथ आणि घड्याळाचं वायफाय बंद करून मिनिटभर वाजवून पाहा. तेव्हा वाजलं तरच ते खरोखर घड्याळात उतरलं.

रस्त्यावर एक कान मोकळा ठेवा. ट्रॅकवर दोन्ही कानांत घातलं तर चालेल, गंगापूर रोड किंवा त्र्यंबक रोडवर नाही. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून पळा. गाड्या डावीकडून जातात, म्हणून डावा कान उघडा आणि इअरफोन उजव्या कानात. मग घड्याळही उजव्या मनगटावर बांधा. ब्लूटूथची लहर शरीरातल्या पाण्यात शोषली जाते. घड्याळ डाव्या हातात आणि इअरफोन उजव्या कानात असला की आवाज तुटतो. हात बदललात की घड्याळाच्या सेटिंगमध्येही बदला. मखमलाबादकडच्या मळ्यांच्या वाटेनं अंधारात जाणार असाल तर दोन्ही कान मोकळे हवेत. नाशिकला बिबट्या नवा नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या उतरतानाही आवाज बंद करा, लक्ष पावलांवर ठेवा.

दिवस पाहून ऐका. सावकाश, लांब पळायचं असेल त्या दिवशी गप्पांचा कार्यक्रम लावा. थोडंच पळायचं असेल तर बीबीसी मराठीच्या ‘सोपी गोष्ट’सारखा छोटा भाग पुरतो. वेगाचा सराव असेल त्या दिवशी मात्र काहीच लावू नका, श्वास आणि पावलं ऐका. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. अशा शर्यतीत कानात काही घालून पळता येत नाही, जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांत ते बसत नाही. ज्याला स्पर्धेत उतरायचंय त्यानं कानांना ही सवय लावूच नये.

बॅटरी आणि घाम सांभाळा. जीपीएस आणि आवाज एकत्र चालले की बॅटरी भराभर उतरते. लांब पळण्याच्या आदल्या रात्री ती पूर्ण भरा. पावसात पडद्यावरच्या थेंबांनी भलतंच बटण दाबलं जातं, म्हणून टच लॉक करा. घरी आल्यावर घड्याळाची मागची बाजू कोरडी पुसा, मगच चार्जिंगला लावा.

सर्वांत महत्त्वाचं शेवटी सांगतो. पडलात तर घरी कळवणारी सोय बहुतेक घड्याळांत फोनमार्फतच चालते. घड्याळात स्वतःचं सिम नसेल आणि फोनही घरी असेल, तर घड्याळ कोणालाच कळवणार नाही. म्हणून कुठल्या वाटेनं जाताय आणि किती वाजेपर्यंत परताल, ते घरात सांगून निघा. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहा, सोबत रिक्षापुरते पैसेही असू द्या. हे केलं नसेल, तर त्या दिवशी मुकाट्यानं फोन सोबत घ्या.