सरकारी निधि आणि खाजगी भांडवल

नव्या धंद्यापाशीं तारण ठेवण्याजोगें कांहीं नसतें, म्हणून बँक त्यास कर्ज देण्यास कचरते. अशा धंद्यांकरितां सरकार निधि उभारतें. परंतु एकट्या सरकारचा पैसा पुरत नाहीं, आणि ज्याचें स्वतःचें कांहीं गुंतलेलें नाहीं त्याची देखरेखही ढिली असते. यास्तव खाजगी भांडवलवाल्यांस सोबत घ्यावें लागतें. त्यांस कोणत्या अटीवर बोलवावें, हा खरा प्रश्न होय. इस्राएल देशानें याचे लागोपाठ दोन प्रयोग केले. ते आमच्या वाचकांनीं ध्यानांत घेण्यासारखे आहेत.

पहिला १९९२ सालचा ‘इन्बाल’. यांत शेअरबाजारांतील निधींस सरकारनें शेंकडा ७० पर्यंत हमी दिली. चार निधि निघाले, पण ते फळले नाहींत. हमीनें तोट्याची भीति कमी झाली. परंतु चांगला धंदा शोधून तो वाढविणारास अधिक कांहीं मिळेना.

दुसरा १९९३ सालचा ‘योझ्मा’. सरकारनें १० कोटि डॉलर काढले. पैकीं सुमारें ८ कोटि १० निधींत घातले व उरलेले थेट उद्योगांत गुंतविले. प्रत्येक निधींत सरकारचा वाटा फार तर शेंकडा ४०. बाकीचा पैसा खाजगी, आणि भागीदारांत या कामाची माहितगार परदेशी पेढी असलीच पाहिजे, असा नियम होता. तोट्याची हमी मुळींच नव्हती. मात्र पांच वर्षांच्या आंत सरकारचा वाटा मूळ किंमत अधिक व्याज देऊन विकत घेण्याचा हक्क भागीदारांस दिला होता. दहापैकीं आठ निधींनीं तो बजाविला. सरकारचा पैसा सव्याज परत आला आणि धंदा खाजगी हातीं स्थिरावला.

वाटेकऱ्याचें उदाहरण घ्या. “पीक बुडालें तर भरून देईन,” असें मालक म्हणाला, तर वाटेकरी खुरपणीस उशीर करील. “ठरल्याहून अधिक पिकेल तें तुझें,” असें म्हणाला, तर तो पहांटेस शेतांत दिसेल. पण त्याचें बीं व बैल त्यांत असले पाहिजेत. अमेरिकेंत १९९४ पासूनच्या एका योजनेंत सरकारकडे नफ्याचा थोडा व तोट्याचा मोठा भाग आला. २००४ नंतर ती नव्या निधींस बंद करावी लागली.

आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्यें शेतीविषयक नव्या उद्योगांकरितां ७५० कोटि रुपयांचा ‘ॲग्रीशुअर’ निधि सुरू झाला. त्यांत केंद्र सरकारचे २५०, नाबार्डचे २५० आणि उरलेले २५० कोटि बँका, विमाकंपन्या व खाजगी गुंतवणूकदारांकडून घ्यावयाचे, अशी योजना आहे.

शेतमालप्रक्रियेचा कारखाना काढूं पाहणारानें कोणत्याही निधीचा पैसा घेण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: निधि चालविणाराचा स्वतःचा पैसा किती, तोटा कोणी सोसावयाचा, आणि निधि आपला भाग विकूं लागेल तेव्हां तो प्रथम आपणांस घेतां येईल काय, व कोणत्या दरानें. तिसरी गोष्ट करारांत लिहिलेली नसेल, तर आपण उभारलेला कारखाना उद्यां परक्याच्या हातीं जाईल, हें विसरूं नये.