गोळ्या बंद करू नकोस

चि. बाळास,


काल तुझ्या मम्मीचा फोन आला नि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तू गोळ्या बंद केल्यास म्हणे. उपास-प्रार्थनेला आलेल्या कुणा प्रचारकाने सांगितलं की मनाचं औषध घेणं म्हणजे अविश्वास, आणि तू तिथेच उभं राहून साक्ष दिलीस. खरं आहे का हे?

डॉक्टरांना न विचारता असं करतात का रे? ही औषधं एकदम तोडायची नसतात, हळूहळू कमी करायची असतात, हे त्यांनी माझ्यासमोर तुला सांगितलं होतं. पप्पांची साखरेची गोळी चुकली की तूच ओरडतोस ना? मग त्यांचा विश्वास कमी आहे का?

लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. तुझी प्रार्थना कमी पडते, असं लिहिलं नाही. आणि एलीया आठव. 1 राजे, 19 वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आला आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला. देवदूताने त्याला बोल लावला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर नि पाणी उशाशी ठेवलं, खाऊ दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला लावलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर. तुला झोप लागते का रे? मम्मी म्हणते, पहाटेपर्यंत तुझ्या खोलीत दिवा असतो.

प्रश्न पडले की विश्वास डळमळला, असंही कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. पंडिता रमाबाईंनी 1883 साली वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तरी न पटलेलं मान्य केलं नाही. तिथल्याच सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घातला. त्याच बाईंनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. येशूनेही मोठी आज्ञा सांगताना बुद्धीने प्रीती करायला सांगितलंय. ती बाजूला ठेवून ये, असं तो कुणाला म्हणाला नाही.

मी तुझ्या वयाची असताना मिरजेचा मिशन दवाखाना घरापासून चालत जाण्याएवढा जवळ होता. उपासनेत बसले की छाती धडधडायची, घाम फुटायचा, वचन कानावर पडायचं पण आत जायचं नाही. मंडळी काय म्हणेल म्हणून कुणाला बोलले नाही, दवाखान्यातही गेले नाही. त्या वर्षांची हळहळ अजून जात नाही. तुझी वर्षं तशी जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा सगळा जीव तुटतोय.

फार बोलले का? रागावू नकोस. साक्ष देताना तुझ्या मनात खोट नव्हती, हे मला माहीत आहे. प्रार्थना कर, भरपूर कर. मीही रोज तुझं नाव घेते. पण आजच डॉक्टरांना फोन करून गोळ्यांचं विचार. मी शुक्रवारी येते. आपण दोघं त्यांच्याकडे जाऊ. तुला नको असेल तर मी आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. तोवर रात्री जीव घाबरला तर मला उठव, कितीही वाजले असोत. बोलायला सुचलं नाही तरी चालेल, नुसता फोन धरून राहा. आणि जेवत जा रे, राजा.

तुझी
मोठी आत्या