पेनिसिलीन जंतूंना कसे मारते?

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज भागात दूध घालणाऱ्या पशुपालकांस दगडी, म्हणजेच कासदाह, हा रोग नवा नाही. सडात औषध सोडले, दोन दिवसांत सूज उतरली, म्हणून उपचार थांबविला. पुढे काही दिवसांत रोग पुन्हा उलटला, असे पुष्कळदा घडते. याचे कारण औषधाच्या कार्यपद्धतीत सापडते.

पेनिसिलीनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ पासून तेथे या औषधाची निर्मिती सुरू झाली.

जंतूच्या पेशीभोवती एक बळकट जाळीदार भिंत असते. पेशीतील दाब मोठा असतो. तो ही भिंत पेलते. जंतू वाढताना जुनी जाळी ठिकठिकाणी उसवून तेथे नवे धागे विणले जातात. हे धागे एकमेकांस जोडणाऱ्या विकरास पेनिसिलीन चिकटून बसते व त्याचे काम बंद पाडते. पाण्याने भरलेल्या मोटेची शिवण उसवावी आणि नवे टाके पडू नयेत, तशी जंतूची अवस्था होते. बाहेरील पाणी आत शिरते व पेशी फुटते.

यावरून पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१. जनावराच्या पेशींस अशी भिंत नसते. म्हणून औषध जंतूस मारते, पण त्या पेशी फोडीत नाही.

२. लाळ-खुरकूत रोगाच्या विषाणूसही ही भिंत नसते. त्यावर पेनिसिलीन चालत नाही.

३. वाढ थांबलेले जंतू या औषधाने सहसा मरत नाहीत. सूज उतरली तरी ते कासेत उरतात. म्हणून पशुवैद्यकाने सांगितलेला उपचार पूर्ण करावा.

४. काही जंतू पेनिसिलीन मोडणारे विकर तयार करतात. वारंवार व अकारण औषध वापरल्यास असेच जंतू शिल्लक राहून वाढतात. शक्य तेथे दुधाची तपासणी करून मगच औषध निवडावे.

उपचार चालू असताना, व त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत, त्या जनावराचे दूध विकू नये, घरी वापरू नये. उकळल्याने त्यातील पेनिसिलीन पूर्णपणे नाहीसे होत नाही. अशा दुधाचे दही नीट लागत नाही, कारण विरजणाचे उपकारक जंतूही त्याने मरतात. आणि ज्यांस हे औषध सोसत नाही, त्यांच्या जिवावरही बेतू शकते. चार चरव्यांचा तोटा सोसावा. गिऱ्हाइकाच्या घरी असे दूध जाऊ देऊ नये.