पायवाट : वनाची आणि शिस्तीची

अरण्यातून जाणारी पायवाट ही दिसावयास साधी गोष्ट. परंतु तिची आखणी नीट झाली नाही, तर जे पाहावयास लोक येतात तेच त्यांच्या पायांखाली नष्ट होते. या दृष्टीने अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९३८ साली स्थापन झालेल्या या उद्यानास १९५३ मध्ये पॅसिफिक महासागराचा किनारपट्टा जोडण्यात आला. १९८१ मध्ये त्याचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला.

किनारा

येथील वाट बव्हंशी वाळू व खडकांवरूनच जाते. काही भूशिरांना केवळ ओहोटीच्या वेळी वळसा घालता येतो. इतर ठिकाणी जंगलातून चढून पलीकडे उतरावे लागते. अशा जागा दुरून ओळखू याव्यात म्हणून झाडांवर गोल फलक लावलेले असतात. भरतीचे वेळापत्रक जवळ न बाळगणारा प्रवासी पाणी आणि कडा यांच्यामध्ये अडकण्याचा संभव असतो. रॅकून व अस्वले यांनी अन्न पळवू नये म्हणून मुक्काम करणाऱ्यांस ते मजबूत, बंद डब्यात ठेवणे सक्तीचे आहे.

पर्जन्यवन

होह नदीच्या खोऱ्यात वर्षाकाठी सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः हिवाळ्यात. उन्मळून पडलेल्या वृक्षाच्या ओंडक्यावर स्प्रूस व हेमलॉक यांची रोपे रुजतात. ओंडका कुजून गेल्यावरही ती झाडे एका ओळीत उभी राहतात. म्हणूनच पडलेले झाड येथे टाकाऊ लाकूड मानले जात नाही.

उंच कुरणे

नदीकाठाने सुमारे २८ किलोमीटर गेल्यावर ही वाट २,४३२ मीटर उंचीच्या माउंट ऑलिंपसच्या हिमनदीजवळ पोचते. या उंचीवर वनस्पतींना वाढीसाठी उन्हाळ्याचे थोडेच आठवडे मिळतात; त्यामुळे एका हंगामात तुडवलेली जागा भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. सुमारे १,०६७ मीटरच्या वर शेकोटीस मनाई आहे आणि रानातील मुक्कामासाठी परवाना घ्यावा लागतो. १९२०च्या दशकात शिकारीसाठी आणून सोडलेल्या पहाडी बकऱ्यांनी ही कुरणे उकरली. माणसाच्या घामातील व मूत्रातील क्षारांच्या ओढीने त्या वाटसरूंच्या जवळ येऊ लागल्या. अखेर २०१८ ते २०२० या काळात तीनशेहून अधिक बकऱ्या अन्यत्र हलवाव्या लागल्या.

आपल्यासाठी बोध

आपले कास पठारही २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर त्याच जागतिक यादीत आहे. तेथील पातळ मातीवरची फुलेही पावलांचा भार फार काळ सोसू शकत नाहीत. एकच आखलेली वाट, माणसांच्या संख्येवर मर्यादा आणि प्रवेशापूर्वी दोन शब्दांची समज, एवढ्या गोष्टी ग्रामपंचायतीस व शाळेसही साध्य आहेत. विद्यार्थ्यांची सहल निघण्यापूर्वी शिक्षकांनी वर्गात हा पाठ दिला, तर संरक्षणाचे अर्धे काम तेथेच होईल.