नोट खरी की खोटी?

शेळी विकली, हाती पाचशेच्या नोटा आल्या. गिऱ्हाईक समोर आहे तोवरच त्या पारखून घ्या. नोट उजेडाकडे धरा. कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० हा आकडा दिसला पाहिजे. नोट तिरपी केली की मधल्या धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. दोन्ही कडांना ५-५ तिरक्या रेघा असतात. त्या बोटाला लागतात. आम्ही तर आधी बोटच फिरवतो. डोळे आता कुठे साथ देतात!

खोटी नोट दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. जाणूनबुजून ती चालवणे गुन्हा आहे. बँकेत भरताना खोटी निघाली, तर बँक तिच्यावर शिक्का मारून ती ठेवून घेते. बदली पैसे मिळत नाहीत. पोचपावती मात्र बँकेने द्यायचीच असते. ती मागायला भिऊ नका.